जलखात्याचे प्रभारी यजमान

उमरेड रोडवरच्या आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर ऐन मे महिन्यात जळाली. त्याच आठवड्यात सोसायटीत नवे मंत्रिमंडळ सत्तारूढ झाले होते. त्यामुळे मोटर दुरुस्त होणे रीतसर अशक्य झाले.

मंत्रिमंडळाची कल्पना अध्यक्ष चंपतरावांची. ते मुलाकडे, जितेंद्रकडे, ओस्लोला महिनाभर राहून आले होते. नॉर्वेत मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ कसे बसवतात, हे त्यांनी तिथल्या टीव्हीवर पाहिले. भाषा येत नव्हती, त्यामुळे शंका उरली नाही.

"निम्म्या बायका राहतेत, निम्म्या!" ते आम्हाला सांगत होते. "एक उत्तरेचा, एक पश्चिमेचा, एक तरणाताठा, एक कामगार चळवळीतला. राजवाड्यातून बाहेर आले का हातात फुलं. आन् आपली कमिटी पाहा. सारे म्हातारे, आन् चहा थंडा."

आम्हा साऱ्या म्हाताऱ्यांना हे पटले. दहा खाती ठरली, पाच बायकांना. उत्तरेचे प्रतिनिधित्व नाल्याकडच्या विंगला गेले. तरुण म्हणून चंपतरावांचा पुतण्या पंकज आला. तो चाळिशी ओलांडलेला आहे, पण अजून कामाला लागलेला नाही. कामगार चळवळीतून ईश्वरदास आले. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मॅनेजर असताना त्यांनी दोन संप मोडले होते, म्हणजे चळवळीशी संबंध जुनाच. माझी बायको वंदना अर्थमंत्री झाली, ही बातमी मीच तिला रात्री जेवताना दिली. उन्हाळ्यात जलखाते कुणालाच नको होते. ते तिसऱ्या मजल्यावरच्या अनुसयाबाईंना सन्मानाने देण्यात आले.

अनुसयाबाईंकडे त्यांची मुलगी ऋतुजा बाळंतपणाला आलेली. रविवारी बारसे होते. मोटर जळाली, पाणी बंद झाले, कूलर कोरडा पडला. नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या कूलरसमोर पापडसुद्धा कुणी ठेवत नाही, बाळ कुठून ठेवणार? उमरेडच्या व्याह्यांचा निरोप आला: शनिवारपर्यंत पाणी आले नाही तर लेकराला इकडे आणा, पाळणा आम्ही बांधू. पहिली नात, आणि पाळणा दुसऱ्याच्या घरी! अनुसयाबाईंना अन्न गोड लागेना.

तातडीची बैठक बोलावली. पाच पुरुष मंत्री आले. महिला मंत्र्यांपैकी चौघींचे यजमान आले, त्यांत मीही. आपल्याकडे ही रीत जुनी आहे: पद बाईचे, बैठक नवऱ्याची. तिला उगाच कशाला त्रास? फक्त अनुसयाबाई स्वतः आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"जलखात्याकडून कोण आलं?" चंपतरावांनी विचारले.

"मीच आली ना, भाऊ."

"ते झालं वं. पण तुमच्या वतीनं कोण आलं?"

"माह्या वतीनं मीच. मोटर जळाली, मिस्त्री बोलवा. एवढंच सांगाले आली मी."

सभागृह गंभीर झाले. बायकांच्या बाकीच्या चारही खात्यांकडून यजमान हजर असताना एकाच खात्याकडून प्रत्यक्ष मंत्री यावा, हा इतर महिला मंत्र्यांवर अन्याय होता. ईश्वरदासांनी मुद्दा मांडला, की समानता म्हणजे समानता. अनुसयाबाईंचा मुलगा अंकुर पुण्याला असतो. त्याला फोन लावला. तो कामात होता, त्याने उचलला नाही. सबब जलखाते गैरहजर धरण्यात आले. अनुसयाबाई समोर बसून पदराने वारा घेत होत्या.

पण गैरहजर खात्याचा विषय चर्चेला घेता येत नाही, हे पंकजने दाखवून दिले. झाली पंचाईत! शेवटी चंपतरावांनीच तोडगा काढला. "जलखात्याले एक प्रभारी यजमान नेमू. फक्त प्रशासकीय कामापुरता." आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. अर्थखात्याचा यजमान म्हणून मला अनुभव होता. ठराव एकमताने मंजूर झाला. लाजत लाजत मीही हात वर केला.

अनुसयाबाई उठल्या. "माह्या नवऱ्याले जाऊन आठ वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही मले एका मोटरपायी दुसरा देऊन राहिले काय? तोही हा?"

मला त्यातले 'तोही हा' लागले.

हे शब्द जिन्यापर्यंत गेले आणि जिन्यातून आमच्या घरापर्यंत. पाचच मिनिटांत वंदना दारात उभी. "काहून जी, माह्या नवऱ्याले कोणत्या खात्यात टाकून राहिले तुम्ही?" चंपतरावांनी माझ्या नेमणुकीचा ठराव तिथल्या तिथे खोडला. तिने अनुसयाबाईंचा हात धरला. "चाला मावशी. याइले बसू द्या इथंच." आणि दोघी निघून गेल्या. गणपूर्ती अबाधित असल्यामुळे आम्ही बैठक पुढे चालू ठेवली.

ती शनिवारीही चालूच होती. मोटर आधी दुरुस्त करावी की आधी जबाबदारी निश्चित करावी, यावर नऊ मते पडली होती, आणि ईश्वरदास दहावे मांडत असताना भिंतीतल्या पाइपात घर्रर्र वाजले. वरच्या टाकीत पाणी पडत होते. पाचही मंत्रिणींनी अनुसयाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून इतवारीच्या विक्की मिस्त्रीला फोन लावला होता. तो आला, मोटर नेली, नवीन तारा भरून आणली, बसवली. बिलावर अर्थमंत्र्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच वंदनाची सही माझ्या हातची नव्हती.

रविवारी अनुसयाबाईंच्या घरी पाळणा हलला. कूलर असा सुटला होता, की बाळाची कुंची सारखी सावरावी लागत होती. पोरीचे नाव तारा ठेवले. अनुसयाबाई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि मला त्यांनी जिलेबी दोनदा वाढली, प्रभारी वगैरे काही मनात न ठेवता.

तेवढ्यात चंपतरावांनी पाचही मंत्रिणींना खाली बोलावले, हातात फुले दिली आणि पुढे उभे केले. आम्ही मागे. फोटो ओस्लोला गेला. जितेंद्रच्या शेजाऱ्याने कळवले, की तुमचे मंत्रिमंडळ आमच्यासारखेच दिसते. लगेच बैठक घेऊन आम्ही अभिनंदनाचा ठराव केला. महिला मंत्र्यांच्या वतीने आभार मीच मानले.

हसताय? हसा. तुमच्याही सोसायटीच्या कमिटीवर बायका असतीलच. त्यांना एकदा विचारा, मागच्या बैठकीत काय ठरले. विचारताना एवढेच पाहा, की त्यांचे यजमान घरात नसावेत. नाहीतर उत्तर तेच देतील. आणि हे वाचून तुम्ही स्वतःच मध्ये बोलणार होतात ना, की "तिला नका विचारू, मी सांगतो"? मग या, बसा. जलखात्याच्या प्रभारी यजमानाची जागा अजून रिकामी आहे.