महाजनांचा दर दुसरा टर्न

आमचे भगवान महाजन पक्के उजवे. जेवतात उजव्या हाताने, वेल्डिंग करतात उजव्या हाताने आणि बेसबॉलची बॅटही उजवीच फिरवतात. मात्र दर दुसऱ्या टर्नला हा पन्नाशीचा माणूस डावखुरा होतो आणि बहुतेक वेळा आउट होऊन येतो. वर चेहरा असा, की आउट दुसराच कुणीतरी झालाय.

बेसबॉल म्हटल्यावर दचकू नका. इथे आखातात, मुसफ्फ्यात आमच्या फॅब्रिकेशन कंपनीमागे रेतीचं मोकळं मैदान आहे. तिथे रविवारी ऊन चढायच्या आत फिलिपिनो मंडळी खेळतात आणि त्यांच्यात एकटे महाजन, चाळीसगावकडचे, शाळेत असताना जिल्ह्याच्या टीममधून खेळलेले. मी कंपनीचं स्टोअर सांभाळतो. अक्षर बरं आहे, म्हणून स्कोअरबुक माझ्या गळ्यात पडलं.

महाजनांना तुलनेचा भारी नाद. बरोबरीच्या खेळाडूंपैकी कोण दहा संधींत किती हिट मारायचा, ते सगळं त्यांच्या वहीत आहे. पण कच्ची तुलना खपत नाही. "चान्स सारखे धरा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. फोरमनने दोन वेल्डरांची तुलना केली, तर यांनी तोंडावर ऐकवलं की एक पंख्याखाली बसतो आणि दुसरा उन्हात, चान्स सारखे धरा. एकदा माझ्या घरी जेवायला आले असताना मी मुलीचे मार्क तिच्या पुण्याच्या चुलतभावाशी ताडून पाहत होतो. महाजनांनी हातातला घास थांबवून तेच वाक्य टाकलं. मुलगी म्हणाली, "थँक यू, अंकल." मी त्यांना वरण वाढलं.

गेल्या रविवारी फायनल होती. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोन आउट आणि बॅटिंगला महाजन. नेमका त्यांचा डावा टर्न. आमचा कॅप्टन रोडेल समोर येऊन उभा राहिला.

"आज राइट हँड, भाई. लेफ्ट किया तो टीम से खलास."

"निकाल दो," महाजन म्हणाले. "ये टर्न मेरा नहीं है."

आणि डावे उभे राहिले. तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत, म्हणजे तिसरा आउट. मॅच गेली. रोडेलने ग्लोव्ह रेतीत आपटला.

मलाही राग आला होता. जाब विचारायला मी त्यांच्यामागे गेलो, तर हे कंपनीच्या बसच्या सावलीत बसून व्हिडिओ कॉलवर कुणालातरी झापत होते. पडद्यावर उशीला टेकलेला एक माणूस, डावा हात मांडीवर निपचित पडलेला.

"बाहेरचा बॉल होता, विलास. शाळेपासून सांगतोय, बाहेरचा सोड. कशाला बॅट घातलीस?"

तो माणूस अर्ध्या ओठांनी हसला. काहीतरी बोललाही. मला कळलं नाही, महाजनांना कळलं.

"हो, हिटमध्ये अजून मीच पुढे. पुढच्या रविवारी बघ."

फोन ठेवून ते माझ्याकडे न बघताच सांगू लागले. विलास त्यांच्या शाळेच्या टीममधला, डावखुरा. पुढे तो गावाकडे खेळत राहिला, हे इथे. वहीत दोघांची जन्मभर चुरस. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला.

"तो अंथरुणात आणि मी इकडे हिट वाढवत बसू? ही काय तुलना झाली? चान्स सारखे धरा."

हे रोडेलला का सांगत नाही, असं मी विचारलं.

"कशाला? विलासला दया नको, टर्न पाहिजे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उलट लाज वाटली, कारण आजवर ते सगळे डावे टर्न मी महाजनांच्याच नावावर लिहीत आलो होतो. महाजनांना टीममध्ये ठेवायचं की नाही, ते रोडेल ठरवेल. स्कोअरबुक मात्र माझ्याकडे असतं. मी ते तिथेच उघडलं, महाजनांच्या नावाखाली एक ओळ आखली आणि विलासचं आडनाव विचारलं.