मेश्रामभाऊंचे बर्फाचे टायर

ऑक्टोबरचा पहिला शनिवार आला की बहरीनमधल्या आमच्या माहूजच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये एक माणूस जॅक घेऊन बसतो आणि आपल्या पिवळ्याधमक स्पोर्ट्स कारला बर्फात चालवायचे टायर चढवतो. बाहेर छत्तीस डिग्री असते. एसीतून ठिबकणारं पाणीसुद्धा कोमट असतं. मेश्रामभाऊ कपाळावरचा घाम बाहीनं पुसतात आणि मला सांगतात, "हिवाळा लागला, वहिनी."

ते टायर मग थेट एप्रिलच्या मध्यापर्यंत निघत नाहीत. बर्फाचे टायर ही काय भानगड असते, हे मलाही आधी माहीत नव्हतं. मी पुण्याची, माझा टायरशी संबंध पंक्चरपुरता. आता मात्र मला सगळं पाठ झालंय. रबर मऊ, नक्षी खोल, आणि टायरच्या अंगावर डोंगराचं चित्र, त्यात बर्फाचा कण. थंडीत पकड घ्यावी म्हणून केलेलं हे रबर बहरीनच्या तापलेल्या डांबरावर पार पाघळतं. गाडी चालते तेव्हा पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू येते, आणि वळणावर ती जरा जास्तच वळते. बिल्डिंगमधली पोरं त्या चित्राशेजारी बसून फोटो काढून घेतात.

तर मेश्रामभाऊ. वय अठ्ठावन्न, नागपूरचे, तीस वर्षं बहरीनमध्ये. एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत, म्हणजे दाब नि तापमान दाखवणारी जी मीटरं असतात ती खरं दाखवतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम. तीस वर्षं मीटरांवर संशय घेतला की माणसाचं जे होतं ते त्यांचं झालंय. कुणी काही म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, "अंदाज नोको. आकडा सांगा."

चहात साखर किती घालू विचारलं आणि त्यांच्या "तुम्ही घेता तेवढी"वर मी "मी थोडीच घेते" म्हटलं, तर थोडी म्हणजे किती, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा. "पाच मिनिटांत आलेच" म्हणून गेलं तर परत आल्यावर दारात उभे, "अकरा झाले." एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकानं माइकवर "आज इथं प्रचंड जनसमुदाय" असं म्हटलं, तर हे तिसऱ्या रांगेतून उठून म्हणाले, "दोनशे चौदा." सूत्रसंचालक बिचारा पुढचं भाषणच विसरला. कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळात त्यांचा वट असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

असा माणूस स्पोर्ट्स कार का घेतो? वेगासाठी म्हणाल तर शपथ. त्यांच्या कंपनीतला एक गोरा साहेब देश सोडून निघाला होता, त्याची ही दोन सीटची गाडी. भाऊ सहज बघायला गेले, आत वाकले, आणि त्यांना समोर सहा गोल मीटरं दिसली. खलास. तेलाचं वेगळं, पाण्याचं वेगळं, काट्यांची सगळी. बाहेर आले ते गाडी घेऊनच आले. साहेबानं आपल्या थंड देशातून गाडीबरोबर आणलेली चार जादा चाकंही दिली, तीच ही बर्फाची. ती दोन-तीन वर्षं स्टोअररूममध्ये धूळ खात पडली होती.

ही गाडी भाऊ साठच्या वेगानं चालवतात. हायवेवर डिलिव्हरीची मोटरसायकलवाली पोरं त्यांना मागं टाकून जातात आणि जाताना वळून बघतात. गाडी जमिनीला टेकलेली आणि भाऊ सहा फूट, त्यामुळे उतरणं तीन टप्प्यांत चालतं. आधी डावा पाय, मग "बाप्पा" असा एक आवाज, मग उरलेले भाऊ.

आता या बर्फाच्या चाकांत एक उणीव होती. गाडीच्या मूळ चाकांमध्ये आत सेन्सर बसवलेले आहेत, ते हवेचा दाब मोजून गाडीला कळवतात. ह्या जादा चाकांत ते नाहीत. मग गाडीला वाटतं की काहीतरी बिघडलंय, आणि समोर एक पिवळा दिवा लागतो. ऑक्टोबर ते एप्रिल तो दिवा जळतच असतो. दुसऱ्या कुणाला झोप लागली नसती. भाऊंना त्याचं काहीच नाही. त्यांच्याकडे स्वतःचं गेज आहे, चकतीचं, पितळी तोंडाचं, मखमलीच्या डबीत ठेवलेलं. "सेन्सरले कोण तपासते? मी माह्या हातानं पाहीन," असं म्हणून दर शनिवारी ते चारही चाकांची हवा स्वतः मोजतात.

आणि मोजताना फोन चालू असतो. फोनवर प्रज्ञा असते, त्यांची एकुलती एक मुलगी. ती इथंच वाढली, इंग्लिश शाळेत शिकली, आता स्वीडनमध्ये नोकरी करते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. तिची आई होती तोवर फोन आईकडे यायचा आणि तासभर चालायचा, भाऊ मागून फक्त "जेवली का विचार" एवढं म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मेश्रामवहिनी गेल्या. त्यानंतरचे बाप-लेकीचे फोन मी ऐकलेत. जेवली का? यस बाबा. काळजी घे. ओके बाबा. संपलं. फोन ठेवून भाऊ थोडा वेळ त्याच्या काचेकडे बघत बसायचे.

मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रज्ञानं जुनी गाडी घेतली. तिकडे हिवाळ्यात बर्फाचे टायर लागतातच, आणि थंडीनं टायरमधली हवा बसते. तिच्या जुन्या गाडीत सेन्सर नाहीत. तिनं आपण होऊन बापाला फोन केला की दाब कसा तपासायचा. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी स्टोअररूममधली ती चार चाकं बाहेर काढली. मी विचारलं, भाऊ, हे काऊन? त्यांच्याच भाषेत विचारलं म्हणून खूश झाले. म्हणाले, तिले सांगाचं तर आपल्याले अनुभव पाहिजे नं.

तेव्हापासून शनिवारी इथले दहा, तिथले आठ. ती तिकडे बर्फात उकिडवी, हे इकडे पार्किंगमध्ये उकिडवे, फोन स्पीकरवर. तिचं गेज दाब 'बार' या मापात दाखवतं, ह्यांचं पीएसआयमध्ये, आणि भाऊ मनातल्या मनात गुणाकार करून सांगतात. आम्ही बिल्डिंगवाले वरून गॅलरीतून बघायचो आणि हसायचो. मी तर जास्तच. टायरवर दर आठवड्याला पाऊण तास कोण बोलतं, असं मला वाटायचं.

यंदा मार्चअखेरीलाच उन्हाळा पेटला. माझा नवरा प्रमोद एरवी कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण तो एकदा भाऊंबरोबर सनाबिसपर्यंत त्या गाडीतून गेला आणि येताना टॅक्सीनं आला. म्हणाला, रबर इतकं मऊ झालंय की कसला तरी वास येतोय, आणि तापून दाब वाढला तर ह्यांना कळणार कसं? शनिवारी मोजून मंगळवारी टायर फुटला म्हणजे? भाऊंना टायर बदला म्हणून सांगून झालं होतं. उत्तर मिळालं होतं की प्रज्ञाकडे अजून बर्फ आहे.

तेव्हा शक्कल माझी. म्हटलं, टायर बदलत नाहीत ना, मग आत सेन्सर तरी बसवून टाकू. दिवा विझेल, दाब कळेल, आणि भाऊंचं शनिवारचं गुडघे दुखवणंही थांबेल. भाऊंचा वाढदिवस जवळ आलाच होता. कारखान्यात दुरुस्तीसाठीचा शटडाऊन होता, भाऊ दोन दिवस कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन करत होते, आणि गाडीची जादा चावी आमच्याकडेच असते. गुरुवारी आम्ही गाडी पळवली आणि तुबलीच्या गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाला केरळचा, गल्फमध्ये मुरलेला. त्यानं टायरवरचं बर्फाचं चित्र बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, बहरीन में स्नो मफी," म्हणजे इथं बर्फ नसतो, असं अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. मी म्हटलं, आप सेन्सर डालो, यल्ला, जल्दी. त्यानं चारही टायर रिमवरून उतरवून आत सेन्सर बसवले. गाडी चालू केली, दिवा विझला, आणि मीटरांमधल्या छोट्या पडद्यावर चार चाकांचे चार आकडे आले. आकड्यांच्या माणसाला आकडेच भेट दिले म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात भाऊ. आम्ही दोघं दात काढून उभे. ते म्हणाले, "चांगलं केलं, वहिनी. लई चांगलं केलं." मग चप्पल घालायला वळले आणि पाठमोरेच विचारलं, "ते काढता येते का?"

मला राग आला. का येऊ नये? दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही तुबलीत दोन तास उभे राहिलो होतो. मी म्हटलं, काढायचं कशाला, काही बिघडलंय का त्यात? नाही म्हणाले, बरोबर दाखवते, गेजशी ताडून पाहिलं. मग अडचण काय? ते नुसते "राहू द्या" म्हणाले आणि जिना उतरून गेले. जेवताना मी प्रमोदला ऐकवलं की पुन्हा म्हणून कुणाचं भलं करणार नाही. तो म्हणाला, हे तू दर वर्षी म्हणतेस.

शनिवारी दहाच्या सुमारास मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. कचरा हे निमित्त होतं हे कबूल करते, मला जाब विचारायचा होता. भाऊ गाडीत बसले होते, दार उघडं, फोन मांडीवर. समोर पडद्यावर चारही आकडे हिरवेगार झळकत होते. स्पीकरवरून प्रज्ञाचा आवाज आला, "बाबा, लाईट ऑन?"

भाऊंनी त्या आकड्यांकडे पाहिलं. मग मला पाहिलं. तीस वर्षं ज्यानं एक रीडिंग कधी इकडचं तिकडे सांगितलं नाही, तो माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "हाव. लागूनच आहे."

मी पिशवी हातात धरून खांबाशी थांबले. ते तीन टप्प्यांत उतरले, डबीतून गेज काढलं आणि पहिल्या चाकापाशी बसले. गेज लावलं, आकडा सांगितला. तिनं तिचा सांगितला, आणि मग तिच्याकडच्या थंडीचं निघालं. हातमोजे घातले का, ते विचारून झालं. दुसऱ्या चाकाशी जेवणाचं निघालं, तिनं केलेली डाळ खाली लागली होती. तिसऱ्याशी तिच्या ऑफिसातली कुणी बाई तिला फार बोलते, हे ती हळूहळू सांगत होती आणि भाऊ गेज नुसतंच हातात धरून ऐकत होते. मला गॅलरीतून हे कधी ऐकू आलं नव्हतं. आम्ही वरून फक्त टायर बघत होतो.

चौथ्या चाकापाशी ते पोचले तेव्हा प्रज्ञानं विचारलं, मम्मी त्या डाळीत शेवटी काय घालायची? भाऊ म्हणाले, मले नाही माहीत, पण वास येत जाये. भाऊंनी फोनवर हात ठेवला आणि मला हलकेच म्हणाले, "सेन्सर आहे म्हटलं तर तीबी बसवून घेईन, वहिनी. मग ती मले फोन कायले करन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात काढला, चाकाला गेज लावलं, काटा स्थिर झालेला मला लांबूनही दिसत होता. तेहेतीस. भाऊ फोनला म्हणाले, "थांब बाई, आकडा बरोबर नाही आला. परत घेतो."

तिकडून प्रज्ञा अडखळत, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "घ्या, बाबा. सावकाश घ्या. मी थांबते."

मी कचरा तसाच घेऊन वर आले. प्रमोद पेपर उघडून बसला होता. त्याला म्हटलं, कपडे बदल, भाऊंचा फोन झाला की त्यांची गाडी घेऊन तुबलीला जायचंय. ते चारही सेन्सर काढून आणायचेत.