आर्णीच्या इंद्रजिताने जग जिंकिले आणि सोयरीक अडली त्याची हकीकत

शहाण्यांनी वाचून उमजावे आणि बाकीच्यांनी निदान ऐकून घ्यावे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले ते पदरची भर न घालता, आणि जे कानी आले ते चाळून पाखडून, येथे मांडिले आहे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मासी, उन्हाने रस्त्याचे डांबर पातळ होत असता, आर्णी कसब्यात एसटी स्टँडामागील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचे धनी, उड्डाणधुरंधर, खुर्चीबहाद्दर राजेश्री इंद्रजीत राठोड यांनी एकट्याने, वाटेत कोठेही न उतरता, विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा मनसुबा केला. विमान कोठले म्हणाल, तर दुकानातील संगणकातले. पडद्यावर आकाश, मुठीत जॉयस्टिक आणि बुडाखाली पाच चाकांची खुर्ची, पैकी दोन चाके निखळलेली. यांचे घराणे लदेणीचे. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, बायकापोरांसह मुलूखचे मुलूख पायी तुडवीत, आणि राजेरजवाड्यांच्या फौजा त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसत. त्यांच्या टाचांना जितक्या भेगा, तितकी गावे या वंशजाने पाहिली नव्हती; परंतु पॅरिस शहरी विमान कोणत्या बाजूने उतरवावे, हे तो झोपेतही सांगे.

या मसलतीचे मूळ सोयरिकीत होते. मातुश्री रामीबाई खासा वणीस जाऊन, कोळशाच्या ट्रकांचे मालक राजदीपजी पवार यांची कन्या वर्षा पाहून आल्या. मुलगी पसंत पडली. मुलगा काय करतो असे वणीकरांनी पुसता, बाईंनी जे रोज दुकानात डोळ्यांनी पाहिले तेच बेलाशक सांगितले की, विमान चालवतो. वणीच्या तांड्यात पेढे वाटले गेले. मग आठा दिवसांत कोणी खबर पोचविली की, विमान टेबलावर आहे. तेव्हा राजदीपजींचा फोनवरून जाब आला की, आमची मुलगी थापा मारून मागता, सोयरीक मोडली समजा. मुलाचे वय एकतीस आणि याआधी चार दरवाजांतून नकार आलेला, सबब रामीबाईंनी दोन दिवस अन्नास स्पर्श केला नाही.

अशा समयी माफी मागावी, तर तो मार्ग सोपा असल्यामुळे कोणास सुचला नाही. इंद्रजितांनी ऐसे योजिले की, साता समुद्रांपलीकडे हवाई शौकिनांची एक मंडळी इंटरनेटवर आहे. जो कोणी पडद्यावर का होईना, खऱ्या वेळेइतकाच वेळ घेऊन, एकट्याने अखंड पृथ्वी फिरेल, त्यास ती मंडळी सनद देते. ती सनद वणीकरांच्या पुढ्यात टाकावी, म्हणजे त्यांची तोंडे बंद. मंडळीचा दंडक एवढाच की, दर तासाला घंटी वाजेल, पाच मिनिटांत हजेरीचे बटण दाबावे, न दाबल्यास सारे उड्डाण रद्दबातल. वणीकरांनी, लेकीच्या आग्रहाखातर म्हणतात, सोमवारी अकरा वाजता येऊन काय ते पाहण्याचे कबूल केले.

शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता, पडद्यावरील यवतमाळच्या धावपट्टीवरून स्वारी उडाली आणि पूर्वेस चालली. रामीबाईंनी संगणकास कुंकू लाविले. ब्रह्मदेश गेला, चीन गेला, आणि मग जो पॅसिफिक समुद्र लागला तो संपेचना. पडद्यावर खाली निळे, वर निळे. पाहणारे गिऱ्हाईक कंटाळून पलीकडच्या दुकानात गेले, आणि दुकानातील अकरा नादुरुस्त मोबाईल तसेच पडून राहिले. इंद्रजीत मात्र, मोठा थरार आहे, असे ज्याला त्याला सांगत.

इतक्यात शनिवारी भर दुपारी गल्लीची डीपी जळाली आणि लाइन गेली. इन्व्हर्टर दोन तासांचा सोबती. तेव्हा दोस्त जफर, जो मोटारींचे वाइंडिंग करतो, तो कुमकेस धावला. त्याने स्वतःच्या ऑटोची बॅटरी काढून आणिली, ती संपली म्हणून मेहुण्याच्या ट्रॅक्टरची आणिली, ती धापा टाकू लागली म्हणून बँडवाल्याची आणिली, आणि उन्हातान्हात सात खेपा केल्या. सातव्या खेपेस बॅटरी खाली ठेवून तो म्हणाला, “इंद्या, तू बसून राह्यला अन् मी पळून राह्यलो. पायलट कोण आहे बे?” परंतु स्वारी तेव्हा हवाई बेटांवर होती. रात्री लाइन परत आली, तेव्हा जफर सुटला.

झोप चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांनी घेतली. देहधर्मास जाणे-येणे धावत झाले. मातुश्रींनी पिठलं-भाकरीचे घास भरविले. अमेरिका कधी आली आणि कधी गेली हे खुद्द वैमानिकास ठाऊक नाही, कारण तेव्हा डोळा लागला होता. परंतु हजेरी चुकली नाही. चहा बावन्न कप, बिस्किटपुडे एकोणीस, जांभया अगणित.

सोमवारी वणीकरांची जीप दारी उभी राहिली. आत वर्षा, तिचे वडील राजदीपजी आणि आजोबा सेवादासजी. आजोबा ऐंशीचे, चाळीस वर्षे ट्रक हाकून अवघा हिंदुस्थान पाहिलेले. त्या समयी विमान यवतमाळपासून वीस मैलांवर, उतरण्याच्या बेतात. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतलेले. आणि दारात वडीलधारी मंडळी उभी असता होणारा जावई खुर्चीवरून उठेना. राजदीपजींचा चेहरा काळवंडला. रामीबाई पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आल्या. उठून पाया पडावे तर विमान कापसाच्या शेतात पडते, न उठावे तर सोयरीक पडते. मग जफरने तोड काढिली की, जावई पायांपर्यंत येत नसेल तर पाय जावयापर्यंत न्यावेत. सेवादासजींना दोघांनी काखेत धरून तोलिले, आणि त्यांचा उजवा पाय, वहाण काढून, खुर्चीच्या हातावर ठेविला. इंद्रजितांनी डाव्या हाताने पाय शिवला, उजव्याने विमान उतरविले. चाके टेकली. पृथ्वी पुरी झाली. सहासष्ट तासांवर काही मिनिटे.

मग सनद आली. जफरने ती छापून आणिली आणि सेवादासजींच्या हाती दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, उजेडाकडे धरली, आणि हा कागद कुठे लागतो, असे पुसले. कुठेच लागत नाही, हे कबूल करावे लागले. राजदीपजींनी जीपची किल्ली हातात घेतली आणि उठण्याचा इशारा केला. तेव्हा वर्षा इंद्रजिताकडे पाहून बोलली.

“जग पाहून आले तुमी. मले पाहाले काहून नाई आले?”

सहासष्ट तास एकही घंटी न चुकविलेला पुरुष खाली पाहू लागला. शेवटी रामीबाईंनीच तोंड उघडले.

“त्याले गाडी लागते, माय. फाट्याच्या पुढं पोटात पाणी ठरत नाई त्याच्या.”

सेवादासजी इतके हसले की त्यांना पुन्हा काखेत धरावे लागले. लमाणाचा पोर, आणि गाडी लागते! राजदीपजीही हसले असते, परंतु त्यांनी चेहरा राखला. जफर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वर्षा तेवढी हसली नाही. तिने निवाडा दिला तो ऐसा, “उद्या वणीले या. थांबत थांबत या, पन या.” आणि जीप निघून गेली.

दुसरे दिवशी सकाळी सात वाजता स्वारी एसटीने निघाली. संगती जफर, सहा लिंबे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची चळत. आर्णीची वेस ओलांडताच पहिली चकमक झाली, आणि बाजूच्या बाईंनी जागा बदलली. पांढरकवड्यास गाडी बदलणे होते. तेथे इंद्रजितांनी, येथूनच परतावे, असा विचार मांडिला, परंतु जफरने त्यांस मानगुटीस धरून दुसऱ्या गाडीत चढविले. पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली, गाडी गचके खात चालली, आणि जे होणे ते दोनदा झाले. खिडकीबाहेर खरे शेत, खरी धूळ, खरे ऊन. पैकी काहीही त्यांनी डोळे उघडून पाहिले नाही.

वणीस राजदीपजींच्या अंगणात पोहोचले तेव्हा चेहरा पिवळा आणि सदरा ओला. वर्षाने पाणी दिले. ते अर्धे प्याले, अर्धे सांडले, आणि मग राजदीपजींपुढे उभे राहून म्हणाले, “मी विमान नाई चालवत, मामा. मोबाईल दुरुस्त करतो. आईले दोष देऊ नका, तिनं पाह्यलं तेच सांगतलं.”

एवढे बोलून ते खाली बसले, कारण उभे राहवत नव्हते. राजदीपजींनी घरात पाहून, सोयरीक पक्की झाल्याचा गूळ आणण्याचा हुकूम केला, आणि तो तांड्यात वाटला गेला.

येणेप्रमाणे आर्णी ते वणी ही मोहीम एसटीने, एक गाडी बदलून, थांबे अकरा, ओकाऱ्या तीन, सोबतीस जफर, अशी वैशाख मासी मंगळवारी फत्ते झाली. पृथ्वीची नोंद त्या परमुलखीच्या मंडळीपाशी असेल ती असो. वणीची नोंद येथे केली आहे.