विटांचे पुलपिट

"सुतारच ना शेवटी!" असे सासूबाई दिवसातून तीनदा म्हणत. दार कुरकुरले की म्हणत, जावयाने चुकीचे औषध आणले की म्हणत, आणि काहीच बिघडले नाही तर सवय मोडू नये म्हणून म्हणत. बघत मुलीकडे, पण आवाज असा की मागच्या खोलीत रंधा मारणाऱ्या जावयाला स्वच्छ ऐकू जावे. बावीस वर्षे त्याने हे ऐकून घेतले ते एकाच आधारावर: प्रभू येशूही सुतारच होता. रंधा ठेवायच्या फळीवर त्याने एक पाटी टांगली होती आणि तिच्यावर हेच वाक्य स्वतःच्या हाताने कोरले होते. दुसरा काही मानमरातब त्याच्या वाट्याला आला नव्हता आणि येईल अशी लक्षणेही नव्हती.

एका रविवारी पाळकसाहेबांनी तेवढेही काढून घेतले.

पाळकसाहेब नवे होते, बुटके होते आणि फार शिकलेले होते. उपदेशाला उभे राहायचे ते लाकडी पुलपिट वाळवीने पार पोखरले होते. त्यावर जपून हात टेकत ते म्हणाले, "शुभवर्तमान मुळात ग्रीक भाषेत लिहिलं गेलं. आपण जिथे सुतार असं वाचतो, तिथे मूळ शब्द आहे टेक्टॉन. म्हणजे हाताने घडवणारा, बांधणारा. लाकूडकाम करत असेल, कदाचित दगडकामही करत असेल."

एवढ्यात वेळ संपली. बाकीचे पुढच्या रविवारी सांगतो, म्हणाले. पण तिसऱ्या बाकावरच्या मेहुण्याला बाकीचे नकोच होते. मेहुणा गवंडी होता.

"दाजी, ऐकलंत ना?" त्याने पायरीवरच गाठले. "दगडकाम!"

"लाकूडकामही म्हणाले."

"ते आधी, तुमचं मन राखायला. खरं ते मागनं सांगितलं."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "माझ्या लेकाचा धंदा गं बाई! आणि आपण इतकी वर्षं भलत्यालाच मान देत बसलो."

सासूबाईंनी मान कधी दिला होता, हे आठवायचा सुताराने प्रामाणिक प्रयत्न केला. मग घरी जाऊन त्याने पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"अहो, शब्द दोघांचाही असेल की," बायको म्हणाली.

"दोघांचा म्हणजे माझा नाही. तुझ्या भावाकडे उंची आहे, आई आहे, त्याने बांधलेली घरं रस्त्यावरनं दिसतात. माझ्याकडे एवढंच होतं."

 तिने ताट वाढले आणि त्याने ते तसेच परत केले.

पंचाईत अशी की नवे पुलपिट करायचे काम त्याच्याचकडे होते. सोमवारी कबूल केल्याप्रमाणे त्याने जुने पुलपिट खोलून आणले, आणि नव्या फळीवर रंधा टेकवला तर हात पुढे जाईना. मंगळवारी तो पाळकसाहेबांकडे गेला. "साहेब, हे काम मूळ धंदेवाल्याला द्या." पाळकसाहेबांना वाटले, केवढी ही नम्रता! त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि मेहुण्याला निरोप धाडला.

मेहुण्याने शनिवारपर्यंत विटांचे पुलपिट उभे केले. पुलपिट छातीपर्यंत हवे असे पाळकसाहेबांनी बजावले होते. कुणाच्या छातीपर्यंत, हे सांगायचे राहिले. मेहुणा सहा फूट. त्याने आपल्या छातीशी हात लावून बघितला आणि वर गिलावा केला.

रविवारी पाळकसाहेब पुलपिटामागे गेले आणि गेलेच. मंडळी वाट बघत राहिली. थोड्या वेळाने विटांमागून "बंधूंनो आणि भगिनींनो" असे खोल विहिरीतून आल्यासारखे ऐकू आले. अधूनमधून एक बोट वर येई.

"पाळक गेले कुठे?" सासूबाईंनी मोठ्याने विचारले.

"आहेत, आहेत, मागे आहेत," मेहुणा पुटपुटला. पाळकसाहेबांनी उंची कमी करायचे विचारले तर म्हणाला, "आता सिमेंट आवळलंय. भिंतीत विटा गुंतवून सांधलंय. फोडलं तर भिंतही येईल."

सुताराला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उंच तर उंच, पण ते प्रभूच्या धंदेवाल्याने बांधले होते. आपण बावीस वर्षे कोणाच्या नावावर तग धरला, हेच त्याला उमगेना.

सोमवारी पाळकसाहेब स्वतः त्याच्याकडे आले. "पायाखाली घ्यायला एक स्टूल हवंय. मजबूत."

"ते पण विटांचं करून घ्या साहेब. प्रभू काही आमच्यातला नव्हता."

पाळकसाहेब मटकन फळीवर बसले. "अहो, शब्दाचा अर्थ मोठा आहे एवढंच मी म्हणालो! आणि तो वापरलाय कसा, ते काल सांगितलं, तर ते विटांमागेच राहिलं. हा शब्द नव्या करारात दोनदाच येतो. एकदा प्रभूसाठी, एकदा त्याच्या वडिलांसाठी. आणि दोन्ही वेळा म्हणतात कोण, तर त्याच्याच गावचे लोक. तो शिकवायला उभा राहिला, तर म्हणाले, हा काय आम्हाला शिकवणार? टेक्टॉनच ना हा? याची आई, याचे भाऊ, सगळे आपल्या ओळखीचे."

सुताराने मान वर केली. "म्हणजे हिणवून?"

"हिणवूनच."

"घरोब्यातल्या माणसांनी?"

"हो."

"'शेवटी' असं म्हणाले का?"

"तसं लिहिलेलं नाही. पण सूर तोच."

सुतार उठला. त्याने पाटी सरळ केली. "साहेब, तुमचं ग्रीक असू द्या. तो सुतारच. माझ्या मेहुण्याला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही."

यावरून तसे सिद्ध होत नाही, हे सांगायला पाळकसाहेबांनी तोंड उघडले. पण त्यांना स्टूल हवे होते. त्यांनी तोंड मिटले.

संध्याकाळी स्टूल तयार झाले. सासूबाईंनी ते दारातून बघितले. "आठ दिवस तोंड पाडून बसले आणि केलं काय, तर स्टूल! सुतारच ना शेवटी!"

जावई हातातले सोडून धावत आला. डोळे भरून आले होते. "आई, परत एकदा म्हणा ना."

सासूबाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितले. बावीस वर्षांच्या मेहनतीने माणूस खूश झाला होता! त्यांनी ओठ घट्ट मिटले.

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. आता त्या "जावईबापू" म्हणतात. सुतार कान देऊन काम करतो, दार मुद्दाम कुरकुरते ठेवतो, पण काही उपयोग नाही. गेल्या आठवड्यात त्याने खास त्यांच्यासाठी एक स्टूल केले आणि एक पाय बोटभर आखूड ठेवला. सासूबाई बसल्या, डुगडुगल्या, भिंतीला धरून सावरल्या.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या.