खर्रा न खाणारा जावई

मुलगा खर्रा खात नाही हे कळल्यापासून केवळरामच्या जिवाला चैन नव्हती. अंजूसाठी आलेलं हे तिसरं स्थळ. पहिली दोन त्यानेच चौकशीत उडवली होती. एकाच्या घराला तीन दारं होती म्हणून आणि दुसऱ्याचा बाप फार हसत होता म्हणून. आता हा योगेंद्र. लाखनीच्या राईस मिलमध्ये मशीन चालवतो, वय पंचवीस, घरी एकटी आई. पोरगी पाहून गेला, अंजूला आवडलाही.

"आपल्या जिल्ह्यातला पोट्टा अन् खर्रा खात नाही," केवळराम गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूला सारत म्हणाला. "मंग खाते तरी काय? मोठंच कायतरी असन."

"भात खात असन," त्याची बायको रुखमा तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

अंजू एवढंच बोलली, "बाबा, हे मोडलं तं मी परत कोनापुढं पोहे घेऊन येनार नाही." ती बोलते तसं करते, हे आंधळगावात सगळ्यांना ठाऊक होतं. केवळरामला तर जास्तच.

तरी चौकशी झालीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी धान विकायचं निमित्त करून तो लाखनीला मिलच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. एक खर्रा घोटायला सांगितला आणि सहज विचारावं तसं योगेंद्रचं नाव काढलं.

"लय चांगला पोट्टा," ठेलेवाला म्हणाला. "पन आपल्या काही कामाचा नाही. म्हनते, खर्र्याचे पैसे मी पेन्शनमध्ये भरतो."

पेन्शन म्हटल्यावर केवळरामचे कान टवकारले. त्याच्या गल्लीत पेन्शनवाले चौघे होते. दोन म्हातारे, एक विधवा आणि एक डोळ्यांनी अधू. पंचविशीतल्या पोराचा त्या रांगेशी काय संबंध? खर्रा तोंडात टाकेपर्यंत त्याची खात्री झाली की पाणी कुठंतरी मुरतंय.

"त्याले डॉक्टरनं काहीतरी सांगलं असन," घरी येऊन त्याने जाहीर केलं. "नाही तं म्हातारपनाची एवढी घाई कायले?"

"बाबा, लवकर मरनारा मानूस म्हातारपनासाठी पैसे काहून भरन?" अंजूने विचारलं.

सकाळी चूळ भरता भरता केवळरामला याचं उत्तर सापडलं. पोराने वय चोरलं आहे. पंचवीस सांगतो, असेल चाळीस.

म्हणून तो योगेंद्रच्या जुन्या शाळेत जाऊन धडकला आणि त्याची जन्मतारीख मागितली. लिपिकाने विचारलं, आपण कोण? मुलीचा बाप म्हणावं तर बोभाटा होईल, म्हणून तो म्हणाला, "मी पेन्शनच्या ऑफिसातून आलो." लिपिक घरोब्यातला निघाला. त्याने लगेच योगेंद्रच्या आईला, ललिताबाईंना, फोन लावला. हल्ली असे लोक गोड बोलून खाती साफ करतात हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पोराला कळवलं. पोरगा मिलमधून निघाला तो दोन हमाल बरोबर घेऊन, आणि बसस्टँडवर त्यांनी पेन्शनवाल्याला गाठलंच.

"मामाजी, तुमी?" योगेंद्र जागच्या जागी थांबला.

केवळरामच्या तोंडात तेव्हा ताजा खर्रा होता. थुंकावं तर अपमान आणि गिळावं तर चक्कर. त्याने नुसती मान हलवली. हमालांनी वर केलेल्या बाह्या खाली घेतल्या.

योगेंद्र रागावला नाही. फोनवर त्याने खातं दाखवलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून भरलेले पैसे, जन्मतारखेसकट. "बाबा गेले तवा आईपाशी काही नोयतं जी," तो म्हणाला. "तिले लोकाइपुढं हात पसरताना मी पाह्यलं. माह्या घरात ते परत होऊ द्याचं नाही."

केवळरामला गलबलून आलं. बसमध्ये बसल्यावर त्याला आपल्या साठीचा विचार शिवून गेला, पण तो त्याने खर्र्याबरोबर चघळून टाकला.

चार दिवसांनी ललिताबाई स्वतः आंधळगावात आल्या. आधी घरी नाही, सेवकरामच्या पानठेल्यावर. जो माणूस खोटी ओळख सांगून हिंडतो त्याची चौकशी करायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. तिथून त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाये. हुंडा नको, गाडी नको. एकच अट हाये."

केवळरामचे डोळे चमकले. निघालं शेवटी काहीतरी.

"पोरीच्या बाबानं खर्रा सोडावा. दिवसाचे पाच खाता म्हने तुमी. असंच चाललं तं म्हातारपनी तुमी माह्या पोराच्याच पेन्शनीवर येऊन बसान, असा मले संशय हाये."

केवळरामने रुखमाकडे पाहिलं. ती आढ्याकडे पाहत होती. दारात अंजू पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. त्या बशा पाहून त्याला तिचं बोलणं आठवलं. मग तो उठून अंगणात गेला, थुंकला, बराच वेळ चुळा भरत राहिला आणि आत येऊन म्हणाला, "तारीख काढा."

पंधरा दिवस तो ठेल्याकडे फिरकला नाही. सोळाव्या दिवशी सेवकराम शेजारच्या दादाजीला घेऊन घरी आला. दोघं ओसरीवर अगदी हळू बसले.

"केवळरामभाऊ, तब्येत बरी हाये ना?" सेवकरामने विचारलं. "गावात बोलून राहिले का डॉक्टरनं काही सांगलं म्हनून."

"काही नाही जी. खर्र्याचे पैसे आता म्हातारपनासाठी भरून राहिलो."

सेवकरामने दादाजीकडे पाहिलं. दोघांनी चहा संपवला, रुखमाला उगाचच धीर दिला आणि ते निघाले. फाटकापाशी दादाजीचा दबका आवाज केवळरामला ओसरीवर ऐकू आला.

"मोठंच कायतरी असन."