सेलूच्या हॉलतिकिटाचं अपहरण

आमच्या सेलूत मोटरपंप दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण गुप्तहेर एकच. तो मी, प्रभाकरराव भोयर. उंची बेताची, नजर घारीची आणि मेंदू... मेंदूबद्दल माणसानं स्वतः बोलू नये, पण दुसरं कुणी बोलायला तयार नसल्यामुळे मलाच बोलावं लागतं. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'पंप, मोटर, स्टार्टर' असं ठळक लिहिलंय आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'तसेच गुप्त तपास'. बारीक अशासाठी, की तपास गुप्त असतो. आजवर माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं सुटली आहेत. ती माझी पाठ वळल्यावर सुटली, असं काही लोक म्हणतात. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

चिंधू हा माझा सहायक आणि सख्खा साळा. पन्नाशी उलटली तरी त्याला बॅटरी धरणं आणि मी बोलतो तेव्हा मान हलवणं, ही दोनच कामं सांगता येतात. त्यातलं दुसरं तो करत नाही.

दोन हजार चार सालची गोष्ट. शनिवारी दुपारी महादेवराव किराणावाले घाम पुसत दुकानात आले. त्यांची मुलगी प्रेरणा बँकेच्या परीक्षेला बसणार होती. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला. हॉलतिकीट ईमेलनं आलं होतं, ते घरच्या काम्प्युटरात ठेवलं होतं आणि आता ते सापडत नव्हतं. वयाची अट अशी होती की पुढल्या वर्षी प्रेरणाला बसताच आलं नसतं. म्हणजे हॉलतिकीट गेलं तर बँकही गेली.

"पोरगी सकाळपासून जेवली नाई, प्रभाकरराव," महादेवराव म्हणाले. "अन् माह्याच्यानं तिच्या तोंडाकडं पाहवत नाई."

मी पाना खाली ठेवला. हात पुसले. चिंधूला म्हणालो, बॅटरी घे.

महादेवरावांचं घर त्यांच्या किराणा दुकानाच्या मागेच. पुढल्या खोलीत काम्प्युटर होता. त्याच्यावर मच्छरदाणीच्या कापडाचं आवरण, आवरणाला झालर. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती, त्याचं हळदीकुंकू अजून माऊसवर होतं. पडदा उजळला तशी लक्ष्मी प्रकट झाली, कमळावर उभी, हातातून नाण्यांची धार. तिच्या मुकुटाच्या अगदी वर इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहिलेलं. मी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि घरचे संस्कार चांगले असल्याचं मनाशी नोंदवलं. पुढं हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

प्रेरणा रडून डोळे लाल करून बसली होती. तिनं सगळं सांगितलं. गुरुवारी ती क्लाससाठी वर्ध्याला मावशीकडे होती. तिनं एसटीडीवरून बाबांना फोन केला, मेल आली असेल ती उघडा, आतली फाईल उतरवून घ्या, नाव विचारलं की माझं नाव टाका. फोन चालू असला की इंटरनेट लागत नाही आणि इंटरनेट लागलं की फोन बंद, त्यामुळे पुढचं सगळं महादेवरावांनी एकट्यानं निभावलं. आज येऊन तिनं काम्प्युटरात स्वतःच्या नावानं शोधलं, बँकेच्या नावानं शोधलं. नाही म्हणजे नाहीच.

मेल पुन्हा उघडून पुन्हा उतरवता येईल, असं चिंधू म्हणाला. मी त्याच्याकडे रागानं पाहिलं, कारण हे मला सुचायला हवं होतं.

"मेल मी काढून टाकली," महादेवराव खालच्या आवाजात म्हणाले. "माल घरात आला का बारदाना कोण सांभाळतं? मग तो कचऱ्याचा डबा दिसला, तोबी रिकामा केला. धंद्यात कचरा ठेवत नाईत."

प्रेरणानं कपाळाला हात लावला. परीक्षा घेणाऱ्यांचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद झालं होतं. आता जे काही होतं ते या पेटीतच होतं.

मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिला निष्कर्ष काढला. चोरी. प्रेरणाचा चुलतभाऊ साहिल या काम्प्युटरवर गाड्यांचा खेळ खेळायला येतो आणि तोही बँकेच्या परीक्षेला बसलाय, एवढं कळल्यावर आणखी काय हवं? साहिलला बोलावलं. त्याची उलटतपासणी मी अशी कडक नजर रोखून केली की त्यानं सायकल सावलीत लावू का असं विचारलं. त्याचं केंद्र अमरावतीला होतं, आणि प्रेरणाचा फोटो लावलेल्या हॉलतिकिटावर आपल्याला दाढीसकट कोण बसू देईल, असं तो म्हणाला. मुद्दा बरा होता. मी त्याला संशयमुक्त केलं आणि बर्फ आणायला पाठवलं.

बर्फ दुसऱ्या निष्कर्षासाठी. पेटी तापली होती आणि तापलेल्या पेटीत फाईल आतल्या आत कुठंतरी चिकटून बसली असणार. पंपात वॉशर चिकटतो तसं. प्रेरणानं पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि काका, बर्फ आत घालायचा नसतो, असं सांगितलं. त्या बर्फाचं मग सरबत झालं.

तिसरा निष्कर्ष सरबत पिताना निघाला. फाईल टेलिफोनच्या तारेतून आली. तार अजून जोडलेली आहे. मग आलेला पाहुणा आल्या वाटेनं परत जाणार नाही कशावरून? मी तारेला पक्की गाठ मारली, निदान उरलंसुरलं तरी अडेल. त्यानंतर बटण दाबून सीडीचा ड्रॉवर बाहेर काढला, चिंधूला बॅटरी मारायला लावली आणि आत डोकावलो.

"काय दिसते?" मी विचारलं.

"धूळ," चिंधू म्हणाला. "अन् भाऊजी, तुमच्या मिशा अडकल्या."

मिशा सोडवण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात मी महादेवरावांचा जबाब घेतला, कारण चांगला गुप्तहेर वेळ वाया घालवत नाही. फाईल उतरवताना नेमकं काय झालं? ते चाचरत म्हणाले की काम्प्युटरनं नाव विचारलं, पण पोरीचं नाव लिहायचं राहूनच गेलं. खिडकी आपोआप मिटली. घाबरून आपण कुणाला सांगितलं नाही. "नाव लिवलंच नाई त ते ठेवल्या गेलंच नसंन," ते म्हणाले. मी त्यांना धीर दिला, हा तपशील बिनकामाचा म्हणून सोडून दिला आणि पुन्हा ड्रॉवरकडे वळलो.

दिवेलागणीला कौशल्याबाई, महादेवरावांच्या मंडळी, निरांजन घेऊन आल्या. देवघरातल्या देवांना ओवाळून झालं की काम्प्युटरमधल्या लक्ष्मीलाही ओवाळायचं, हा त्यांचा रोजचा नेम. मी आणि चिंधू बाजूला झालो. त्यांनी एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा हात वर नेला आणि मध्येच थांबल्या.

"हे श्री कोनं लिवलं इथं?" त्यांनी विचारलं. "फोटोत नव्हतं. मी रोज पायतो, दोन दिस तेवढी संध्याकाळी लाईट नव्हती."

मग महादेवराव खाकरले.

"मीच लिवलं," ते म्हणाले. "नाव लिवाची पट्टी आली. आता कोऱ्या जाग्यावर श्री लिवल्याशिवाय कसं काय लिवावं? बापूजीच्या काळापासून दुकानात साधी पुडीची चिठ्ठीबी श्रीशिवाय सुरू झाली नाई. म्हनून वर श्री लिवलं, अन् खालच्या ओळीत पोरीचं नाव लिवावं म्हनून ते मोठं बटन दाबलं. तं खिडकीच मिटली."

"एंटर," प्रेरणा हळूच म्हणाली.

"मग हे श्री लक्ष्मीच्या पायापाशी येऊन पडलं. देवीच्या पायाखाली श्री बरं दिसते का? पत्त्याच्या खेळात पत्ते वढतो तसं वढून वर ठेवलं, डोक्यावर."

प्रेरणा माऊसकडे झेपावली. महादेवरावांनी तिचा हात धरला. देवीच्या डोक्यावर टकटक करायचं म्हणजे आधी पाया पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ती पडद्याच्या पाया पडली. मग तिनं श्रीवर दोनदा दाबलं. काम्प्युटर बराच वेळ कुरकुरला, लक्ष्मी झाकली गेली आणि तिच्या जागी प्रेरणाचा फोटो आला. खाली नाव, नंबर, नागपूरचं केंद्र.

कौशल्याबाईंनी हातातलं निरांजन तसंच पुढं करून लेकीच्या फोटोला ओवाळलं. महादेवराव भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरू लागले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी तीन तास त्या श्रीसमोर बसलो होतो आणि दर वेळी पडदा विझून उजळला की हात जोडत होतो.

दुकानाचा बिलं छापायचा प्रिंटर करकरत रात्री जेवणाच्या आधी हॉलतिकीट छापून मोकळा झाला. प्रेरणा पोटभर जेवली. मी जाता जाता महादेवरावांना सांगितलं की माझा संशय सुरुवातीपासून घरातल्याच माणसावर होता. चिंधूनं तेव्हाही मान हलवली नाही.

चार-पाच महिन्यांनी त्यांच्या दुकानात स्टार्टर बसवून द्यायला गेलो होतो. महादेवराव मला हाताला धरून आत घेऊन गेले. काम्प्युटरचं आवरण काढलं आणि झालर नीट बाजूला केली. लक्ष्मी होती तिथंच होती. डोक्यावर जुनं श्री होतं आणि त्याच्या शेजारी आणखी एक. या खेपेला त्याच ओळीत पुढं प्रेरणाचं नाव होतं.

"काम्प्युटर विचारत होता, श्री आधीच हाय, त्याच्यावर लिवू का," महादेवराव म्हणाले. "मी म्हनलं नको. पोरीचं तिकीट पुसून टाकू काय? मग नाव जोडलं. आधी नाव, मंग एंटर."

चिंधूनं सवयीनं हात जोडले. मी चपला काढल्या, पुढं झालो आणि लक्ष्मीच्या डोक्यावर दोनदा दाबलं. काम्प्युटर कुरकुरला आणि प्रेरणाचं बँकेचं नेमणूकपत्र उघडलं.