पाचपैकी तीन

प्रश्न पहिला. कोण कोणास म्हणाले?

“तीन?”

असं बायको मास्तरांना म्हणाली. त्यांच्या हातातला मोबाईल तिने आपल्याकडे वळवला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पुन्हा विचारलं, “पाचपैकी तीन तारे? अहो, काल त्या पोरीच्या हॉटेलात बोटं चाटत होतात ना?”

“चाटत होतो म्हणूनच तीन,” मास्तर म्हणाले. “पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. प्रथम श्रेणी. उगाच नाही दिली.”

मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं आणि जन्मभर पेपर तपासले. त्यांच्या लाल शाईखालून कुणी सत्तर गुण घेऊन निघालाच, तर त्याचे आईबाप शाळेत येऊन विचारत, की बेरजेत काही घोटाळा नाही ना झाला? निवृत्त झाले तरी लाल पेन खिशातून गेलं नव्हतं. वर्तमानपत्र वाचतानाही ते समासात बरोबरच्या खुणा करत.

“आणि आपल्या संसाराला किती द्याल हो?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी मोबाईल खिशात घातला. “हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे,” म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले.

प्रश्न दुसरा. कारणे द्या: मास्तरांचा ताऱ्यांवर विश्वास नव्हता.

या ताऱ्यांच्या आधी, थंडीत, बायको आजारी पडली. दुखणं गेलं, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेलं. पुढ्यात काहीही ठेवा, दोन घास खाऊन ताट सरकवायची. “पुठ्ठा चावल्यासारखं लागतं,” म्हणायची. मास्तर स्वतः पदर खोचल्यासारखे स्वयंपाकघरात उतरले, तेव्हा तर पुठ्ठाही बरा म्हणायची वेळ आली.

परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आईला मेक्सिकन खाऊ घाला. भाजलेली मिरची, वरून पिळलेलं लिंबू. जिभेला जाग येईल बघा. ॲपवर तारे बघून जा म्हणजे झालं.”

मास्तर तारे बघून गेले. चार पॉइंट नऊवाल्या पहिल्या ठिकाणी टाको म्हणून आला तो गार कोबी आणि टोमॅटो सॉस. दुसऱ्या ठिकाणी एवढं चीज होतं, की खाली काय आहे ते शोधायला उत्खनन करावं लागलं. तिसऱ्या ठिकाणी वेटरने दोघांच्या डोक्यावर टोपलीएवढ्या टोप्या चढवून फोटो काढला. मागाहून जेवण आलं. त्यापेक्षा फोटो चविष्ट होता.

“हे पेपर नातेवाइकांनी तपासलेत,” मास्तरांनी निकाल दिला.

चौथं ठिकाण ॲपने दाखवलंच नाही. ते नाकाने दाखवलं. लाँड्रीतून चादरी आणायला दोघं गेली होती. मागच्या गल्लीतून मका भाजल्याचा वास आला आणि गेले कित्येक दिवस प्रत्येक वासाला नाक मुरडणारी बायको जागच्या जागी थांबली. “हे काय आहे?” तिने विचारलं. चादरी घेऊन दोघं वासामागे गेली. दार सापडायला अर्धी गल्ली दोनदा तुडवावी लागली. आत पाच टेबलं, आणि ओट्यापाशी मक्याचे गोळे दाबून टोर्टियाच्या पातळ पोळ्या भाजणारी एक तरुण बाई. सगळे तिला ताई म्हणत. मेक्सिकोतल्या एका खानावळीत काही वर्षं राबून ती हे शिकून आली होती. मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, सकाळी वाटायचा, मिरच्या कोरड्या भाजून दगडी खलात ठेचायच्या. सगळं स्वतः.

बायकोने एक टाको खाल्ला. मग दुसरा. मग मास्तरांच्या ताटातला उचलला.

मास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं. “मिरची फार आहे,” ते म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसले. त्यांनी अजून एक घासही घेतला नव्हता.

त्या दिवसापासून दर शनिवार ठरला. एकदा ताई हात पुसत म्हणाली, “काका, आवडलं असेल तर ॲपवर मत टाका ना. सध्या बाराच मतं आहेत. तीही सगळी आत्या-मावश्यांची.”

मास्तरांची छाती फुगली. नातेवाइकांच्या गर्दीत एक तरी खरा परीक्षक हवा! एकट्यावर भागवतील तर ते मास्तर कसले? सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणारा निवृत्त शिक्षकांचा अख्खा गट त्यांनी कामाला लावला. “जा, खा, आणि प्रामाणिक गुण द्या,” त्यांनी बजावलं.

सगळे गेले. सगळ्यांनी खाल्लं. सगळ्यांनी प्रामाणिक गुण दिले.

प्रश्न तिसरा. रिकाम्या जागा भरा.

पुढच्या एका शनिवारी पाच टेबलं आणि गिऱ्हाईक म्हणून हे दोघंच.

ताई ओट्यापाशी बसली होती. समोर वाटलेल्या मक्याचा डोंगर, आणि गोळे दाबावेत तर खाणारं कुणी नाही. “संपलं काका,” ती म्हणाली. “तारे चार पॉइंट आठवरून तीन पॉइंट सातवर आले. चारच्या खाली गेलं की ॲप आपल्याला तळाला ढकलतं. लोक तिथवर बोट नेतच नाहीत. महिनाअखेर बंद करते. जुन्या हॉटेलात पुन्हा भाज्या चिरायला जाईन.”

“आणि हे?” बायकोने ताटाकडे बोट दाखवलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

“हे तिथे नसतं, काकू.”

बायकोने हातातला टाको खाली ठेवला. आजारपणानंतर भरलेले तिचे गाल क्षणभर पुन्हा आत गेल्यासारखे मास्तरांना वाटले. ते ताडकन उठले.

“कुणीतरी दावा साधतंय!” ते कडाडले. “तू काळजी करू नकोस. जो कोणी असेल, त्याला मी गणिताने पकडतो!”

प्रश्न चौथा. उदाहरण सोडवा. (कच्चे काम कागदी रुमालावर करावे.)

मास्तरांनी लाल पेन काढलं. बारा मतांची सरासरी चार पॉइंट आठ. ती तीन पॉइंट सातवर आणायची, तर किती जणांनी किती तारे द्यायला हवेत? एकेक द्यावा तर थोडेच पुरतील, पण दावा साधणारा इतका ढोबळ नसतो. दोन घेऊन बघितलं. तीन घेऊन बघितलं. बायको गालावर हात टेकून बघत होती.

“सापडले!” मास्तरांनी रुमालावर दोन रेघा मारल्या. “साधारण वीस माणसं. जवळजवळ सगळ्यांनी मोजून तीन. एकटादुकटा नाही गं, ही संघटित टोळी आहे! शिस्तीची माणसं आहेत. एकमेकांना ओळखणारी. रिकामटेकडी. आणि हाताने महाकंजूष!”

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “सकाळी किती जण फिरायला जाता तुम्ही?”

“एकवीस. त्याचा इथे काय संबंध?”

“त्यातून पीटीचे सर वजा करा. ते सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात.”

मास्तरांनी वजाबाकी केली. पेन रुमालावर टेकलेलंच राहिलं आणि लाल डाग हळूहळू पसरत गेला.

तेवढ्यात ताई मोबाईल घेऊन आली. “ऐका तरी काय लिहिलंय. नाव कुणाचंच नाही. ‘मेनूकार्डात शुद्धलेखनाच्या अकरा चुका. चव बरी.’ दुसरा म्हणतो, ‘येण्याच्या मार्गाचा नकाशा दिलेला नाही.’ आणि हे बघा, हे तर जिव्हारी लागलं. ‘प्रयत्न प्रामाणिक आहे. सराव वाढवल्यास यश निश्चित.’ सराव? काका, रोज पहाटे उठून मका वाटते मी. आणखी किती सराव करू?”

मास्तरांचा चेहरा कोऱ्या उत्तरपत्रिकेसारखा झाला. बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तो धीर द्यायला होता की ठेचायला, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रश्न पाचवा. गटात न बसणारा ओळखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकांवर तातडीची बैठक झाली. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि तीनचे पाच करू या म्हणाले.

“आपण तीन दिले म्हणजे तिला शाबासकीच दिली की!” भूगोलाचे सर म्हणाले.

“लोक तीनला नापास समजतात,” मास्तर म्हणाले.

“मग लोकांची चूक. आपण का सुधारायची?”

“पाच?” व्याकरणाच्या बाईंनी शाल आवळली. “पूर्ण? मग देवाला काय द्यायचं? मी माझ्या सख्ख्या मुलालाही कधी…”

“म्हणून तो फोन करत नाही,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“मी पाचच दिले होते!” पीटीचे सर आनंदाने ओरडले.

“म्हणूनच तुमच्या विषयाचे गुण एकूणात धरत नव्हते,” बाई म्हणाल्या.

वाद पेटला. दोन तट पडले. वाढीव गुण हा शब्द निघाला तेव्हा एक जण बाकावरून उठूनच गेला, आणि चार पावलांवर जाऊन ऐकत उभा राहिला. शेवटी मास्तर उठले आणि बुटांकडे बघत म्हणाले, “माझी बायको जेवत नव्हती. तिथे जेवली. मी पहिल्यांदा तीन दिले तेव्हा हे गुणांत धरलंच नाही. उत्तर बरोबर होतं, मीच पान उलटायचं विसरलो.”

चार पावलांवर उभा असलेला परत येऊन बाकावर बसला. परीक्षकाने पान उलटायचं विसरावं, यापरतं पाप त्या बाकांवर दुसरं नव्हतं. बाईंनी शाल सैल केली. “पुनर्मूल्यांकन करता येईल,” त्या म्हणाल्या. “पण नियमाने. पेपर पुन्हा वाचल्याशिवाय नाही.”

मग एकवीस जण मिळून ताईकडे जेवायला गेले. पाच टेबलं एकमेकांना जोडली. ताईची इतकी धांदल उडाली, की रडायला वेळ उरला नाही. बाईंनी जेवता जेवता मेनूकार्ड लाल करून टाकलं. भूगोलाच्या सरांनी कागदी रुमालावर लाँड्रीपासूनचा नकाशा काढला, उत्तर दिशेच्या बाणासकट. जेवण झाल्यावर प्रश्न आला, आधी कुणी बदलायचं? स्वतःहून पहिला पाच द्यायला कुणी तयार होईना.

“सगळे एकदम!” पीटीचे सर उभे राहिले. खिशातून त्यांनी शिट्टी काढली. “मोबाईल वर! अंगठा तयार! एक, दोन…”

शिट्टी वाजली. वीस अंगठे एकदम खाली आले. आतून ताईच्या हातातला झारा पडल्याचा आवाज आला.

प्रश्न सहावा. एका वाक्यात उत्तर लिहा.

ॲपचं उत्तर सकाळी आलं: ‘एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून बदललेली आपली मतं बनावट आढळल्याने आपली व आपल्या गटाची सर्व मतं काढून टाकण्यात आली असून यापुढे आपल्याला मत नोंदवता येणार नाही.’

मास्तरांचा चहा गार झाला.

“बनावट,” ते म्हणाले. “मी. बनावट!”

“पीटीच्या सरांचंही काढलं?” बायकोने विचारलं.

“सगळ्यांचं. त्या बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा एकूणात धरण्यासारखे गुण दिले होते.”

“ते राहू द्या. ताईचं काय झालं?”

मास्तरांनी मोबाईल लांब धरून बघितलं. “चार पॉइंट आठ.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिच्या बारा आत्या-मावश्या खऱ्या,” मास्तर म्हणाले, “आणि आम्ही एकवीस परीक्षक खोटे.”

बायको हसायला लागली. आजारपणानंतर इतकी ती हसली नव्हती. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मास्तर रागावले होते, तरी पाणी त्यांनीच दिलं.

प्रश्न सातवा. (ऐच्छिक.) ताऱ्यांवर विश्वास ठेवावा का? मास्तरांनी सोडून दिला. आपणही सोडलात तरी चालेल.

पुन्हा प्रश्न पहिला. कोण कोणास म्हणाले?

शनिवारी ताईकडे पाचही टेबलं भरलेली. बाहेर गल्लीत माणसं उभी. दारावर उत्तर दिशेच्या बाणासकट नकाशा चिकटवलेला. आतल्या मेनूकार्डात एकही चूक नाही.

“या काका!” ताईने दोघांसाठी ओट्यालगत दोन स्टुलं टाकली. “ऐकलंत का? ॲपवाल्यांनी टोळी पकडली.”

“हो का?” मास्तरांनी मान खाली घातली. “फारच छान. पण ते कोण होते, हे काही ओळखता येणार नाही म्हणा.”

“छे, ओळखणार कसे?” ताई म्हणाली. “एकीने मेनू लाल केला, एकाने नकाशा काढून दिला, एकाने शिट्टी वाजवली. कुणाचा काही पत्ताच लागत नाही बघा.”

तिने गरम टाकोंची ताटं पुढ्यात ठेवली. मास्तरांच्या ताटाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं: ‘गिऱ्हाईक: काका. पाचपैकी तीन. प्रयत्न प्रामाणिक आहे. सराव वाढवल्यास यश निश्चित.’

मास्तरांनी तो एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. उलटून मागचं पानही बघितलं. मागे काही नव्हतं. ताई टोर्टिया उलटत होती, पाठमोरी, पण तिचे खांदे हलत होते.

“तीनच?” मास्तर म्हणाले. आवाज असा, की निकाल ऐकायला उभं राहिलेलं पोर जणू ते स्वतःच होते.

बायकोने मान वर केली नाही. तिने आपलं ताट कधीच संपवलं होतं आणि हात मास्तरांच्या ताटाकडे निघाला होता.

“अहो,” ती म्हणाली, “प्रथम श्रेणी आहे.”